शोधण्याची मजुरी

मंडळी, आज विषय थोडा वेगळा आहे. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. कुणी शिक्षक रजेवर असला की विज्ञानाचे तास घेतले, तेवढाच माझा विज्ञानाशी संबंध. तरी आज गाडीच्या वायरिंगवर लिहिणार आहे. नातेवाईकांपैकी निम्मे हसतील, हसू द्या! पण घरातल्याच एका गाडीने गेल्या काही महिन्यांत जे दाखवलं, त्यावरून माझं एक मत पक्कं झालं आहे. ते असं, की आपण वस्तूचे पैसे आनंदाने देतो, पण दोष शोधून काढणाऱ्याच्या डोक्याचे पैसे द्यायची वेळ आली की आपला हात आखडतो. आणि त्यामुळेच आपण जास्त लुटले जातो.

जो दोष कायम असतो, तो सापडायला सोपा. बल्ब गेला, बदलला, विषय संपला. खरा छळतो तो कधी येणारा आणि कधी न येणारा दोष. गाडी दहा वेळा मुकाट्याने चालू होते आणि अकराव्या वेळी नेमकी लिलावाच्या तोंडावर हटून बसते. मेकॅनिकच्या दारात नेली की शहाण्या मुलासारखी पहिल्या सेल्फला सुरू! वर्गात अशी मुलं असायची. आपण विचारलं की येतं, इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं की येत नाही. अशा मुलाला छडी मारून उपयोग नसतो. त्याचं कुठे अडतं, ते बसून बघावं लागतं.

आता हकीकत सांगतो. माझ्या पुतण्याकडे 2016 सालची डिझेल पिकअप आहे. टोमॅटोच्या हंगामात निफाड तालुक्यातल्या आमच्या गावातून पिंपळगाव बसवंतला रोजची खेप असते. घरचा माल असतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही असतो, भाडं मिळतं. 2024 च्या ऑगस्टपासून या गाडीला हे दुखणं जडलं. किल्ली फिरवली की "टक्" असा एकच आवाज यायचा, पुढे काही नाही. दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने आपोआप चालू. एकदा भरलेले क्रेट घेऊन ती रस्त्यातच अडली आणि लिलाव संपत आल्यावर पोचली. तोवर भाव उतरलेला. शेजाऱ्यांचे टोमॅटोही त्याच गाडीत, म्हणजे बोल लावून घ्यायचे ते वेगळेच.

मग सुरू झाली बदलाबदली. आधी बॅटरी बदलली, साडेआठ हजार. मग सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश नवे घातले, बत्तीसशे. मग किल्लीचा स्विच चौदाशे, रिले सहाशे, शेवटी अल्टरनेटरचं काम अठ्ठावीसशे. बेरीज करा, साडेसोळा हजार होतात. प्रत्येक वेळी चार-सहा दिवस गाडी नीट चालायची, सगळे खूश व्हायचे आणि पुन्हा "टक्". जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात तसं चाललं होतं.

पैशाचं दुःख मोठं होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे या भानगडीत एक माणूस गेला. म्हणजे जिवंत आहे हो, कामावरून गेला. सहा वर्षं गाडी चालवणारा ड्रायव्हर. "हा रात्री केबिनचा दिवा चालू ठेवतो, म्हणून बॅटरी उतरते," असा कुणीतरी संशय काढला. वस्तू बदलून भागेना, तेव्हा माणूस बदलला! मी पुतण्याला तेव्हाच हिशेब मांडून दाखवला होता. केबिनचा दिवा 5 वॅटचा. 12 व्होल्टला तो साधारण 0.4 अँपिअर ओढतो. दहा तास जळला तर 4 अँपिअर-तास. बॅटरी 75 ची. म्हणजे रात्रभर दिवा राहिला तरी जेमतेम विसाव्या हिश्शाहून थोडं जास्त जातं. हेडलाइट रात्रभर राहिले असते तर गोष्ट वेगळी. ते दोन्ही मिळून 9-10 अँपिअर खातात आणि सकाळपर्यंत बॅटरी पार झोपते. आणि दिव्याने बॅटरी उतरत असती, तर गाडी सकाळी अडायला हवी ना? ही तर सकाळी गुमान चालू व्हायची आणि दुपारी अडायची. पण रागावलेल्या माणसापुढे गणित चालत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. पुढे पुतण्या स्वतः गाडी चालवू लागला, आणि त्याच्याही हातात ती तशीच अडत राहिली.

मग मी एकच गोष्ट मागितली. शंभर पानी वही. म्हटलं, "आता काही बदलू नकोस. तीन आठवडे फक्त लिही." गाडी अडली की तारीख, वेळ, इंजिन गरम की गार, माल भरलेला की रिकामी, आवाज कसा आला आणि त्या वेळी हेडलाइट लावून बघितले तर ते मंद होतात का, एवढंच लिहायचं. पुतण्या कंटाळा करायचा, पण सूनबाई पक्की. घरी आल्यावर त्याला विचारून ती स्वतः लिहायची. बावीस दिवसांत नऊ नोंदी झाल्या. नऊच्या नऊ वेळा इंजिन गरम. सकाळी घरून निघताना एकदाही नाही. नऊही वेळा एकच "टक्". आणि नऊही वेळा हेडलाइट लख्ख!

ही वही घेऊन आम्ही तालुक्याच्या गावी एका वायरमनकडे गेलो. माझाच जुना विद्यार्थी. शाळेत अभ्यासात बेताचा होता, पुढे आयटीआय केलं आणि आता गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्याने गाडीकडे बघितलंही नाही, आधी वही वाचली. म्हणाला, "गुरुजी, निम्मं काम तुम्हीच करून आणलंत." (त्याला प्रगतिपुस्तकात मी कधी इतकं चांगलं लिहिलं नसेल!)

त्याने जे समजावलं ते मला जसं कळलं तसं सांगतो. जाणकारांनी हसू नये.

किल्ली फिरवल्यावर येणारा आवाज हीच पहिली साक्ष. "टकटकटकटक" असा मशीनगनसारखा आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. सेल्फवर बसवलेला सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फ करंट मागतो, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, पुन्हा ओढला जातो. म्हणून टकटक. एकच दणकट "टक्" आला, तर सोलेनॉइडपर्यंतचं काम झालं, पण मोटर फिरण्याएवढा करंट मिळत नाही किंवा मोटरच बिघडली आहे. आणि काहीच आवाज नसेल, तर किल्लीचा स्विच, रिले, फ्यूज, त्यांच्या वायरी, अशा क्रमाने बघायचं.

दुसरी साक्ष दिव्यांची. बॅटरीच मेलेली असेल तर सेल्फ मारताना हेडलाइट पार मिणमिणते होतात. आमचे तर लख्ख राहत होते. म्हणजे बॅटरीत जीव होता, पण तो सेल्फपर्यंत पोचत नव्हता. आता वाटेत अडतंय कुठे, एवढंच शोधायचं राहिलं. वहीतल्या त्या एका नोंदीने नव्या बॅटरीचे साडेआठ हजार वाचले असते.

इथे मला आमचा जुना मित्र ओहम भेटला. गेओर्ग सिमोन ओहम. हा जर्मन माणूस कुलपं बनवणाऱ्याचा मुलगा, आणि बरं का, शाळामास्तर! कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्याने विजेवर प्रयोग केले आणि 1827 साली त्यांवरचं पुस्तक काढलं. त्याच्या देशात सुरुवातीला त्याची फारशी कदर झाली नाही. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं, तेव्हा कुठे मान मिळाला. त्याचा नियम आपण सगळ्यांनी दहावीपर्यंत घोकला आहे. विद्युतधारा गुणिले रोध म्हणजे विभवांतर. मार्कांसाठी घोकलेलं हे सूत्र पिकअपखाली झोपून वापरताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ सहज दोनशे अँपिअर ओढतो. वाटेत कुठे 0.01 ओहम इतका नगण्य रोध आला, तर 200 गुणिले 0.01, म्हणजे 2 व्होल्ट तिथेच खलास. 0.03 आला तर हिशेबाने 6 व्होल्ट, म्हणजे अर्धी बॅटरी! आणि गंमत अशी, की हा रोध साध्या मीटरवर सरळ मोजता येत नाही. मीटरच्या वायरींचा रोधच त्याहून जास्त असतो. गाडी बंद असताना व्होल्ट मोजले तर तेही पूर्ण दिसतात, कारण करंटच वाहत नसतो. केबलचे सगळे धागे तुटून एकच शिल्लक असला तरी मीटर 12 व्होल्ट दाखवेल. ओझं पडल्याशिवाय कमजोरी दिसत नाही. म्हणून मोजायचं ते सेल्फ मारत असताना, आणि दोष हजर असताना.

त्यासाठी त्याने काय केलं? पुतण्याला गाडी भरून वीसेक किलोमीटर फिरवून आणायला सांगितलं आणि दुकानासमोर बंद करायला लावली. पहिल्या दोन वेळा गाडी चालू झाली. तिसऱ्या फेरीनंतर "टक्". पोरगा एवढा खूश झाला, जणू लॉटरी लागली! मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि म्हणाला, "मारा सेल्फ." ही दोन टोकं विजेच्या दृष्टीने एकच असायला हवीत. मीटरवर अर्ध्या व्होल्टच्याही बरंच आत आकडा यायला हवा. आला सहाच्या वर.

मग त्याने जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनला लावलं. किल्ली फिरवली. पहिल्या सेल्फला गाडी चालू.

दोष होता अर्थिंगच्या पट्टीत. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं, त्याची थरथर चेसिसला जाऊ नये म्हणून. पण रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चेसिस जोडायला तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते. सेल्फने ओढलेला सगळा करंट त्याच वाटेने परत येतो. आमच्या गाडीत ती गिअरबॉक्सच्या बाजूला, चिखलाने माखलेली. बोल्ट घट्ट होता, म्हणून कुणाला संशय आला नाही. पण खोलल्यावर लगच्या खाली हिरवट-पांढरा थर आणि निम्म्या तारा तुटलेल्या. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कसं कळकतं, तसा हा प्रकार. इंजिन गरम झालं, खड्ड्यांतून हिंदकळलं, की ते सांधे आणखी नाराज व्हायचे. हेडलाइटचं अर्थिंग मात्र थेट चेसिसला, त्यामुळे ते लख्ख. अल्टरनेटरचा करंटही याच पट्टीतून बॅटरीकडे फिरतो, म्हणून चार्जिंगही कमी पडायचं. जुनी बॅटरी खंगली होती ती यानेच. आणि सुट्टे भाग बदलल्यावर चार-सहा दिवस गाडी का चालायची, तर खोलताना-जोडताना ती पट्टी हलायची आणि थोडी टेकायची!

पट्टी साडेतीनशे रुपयांची. दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्या, नवी पट्टी बसवली, वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तर 0.1 व्होल्ट. गाडी चालू असताना बॅटरीवर 14.2. मुलाने बिल सांगितलं. पट्टीचे साडेतीनशे आणि शोधण्याचे सहाशे.

आणि आमचा पुतण्या, ज्याने साडेसोळा हजार हूं की चूं न करता मोजले होते, तो म्हणतो कसा, "पट्टीचे ठीक आहेत रे, पण नुसतं बघायचे सहाशे कसले?"

माझं मत इथे सुरू होतं. डॉक्टरने छातीला नळी लावून "काही नाही, जा घरी" म्हटलं तरी आपण फी देतो, आणि समाधानाने देतो. वकिलाला नुसतं विचारायला गेलो तरी पाकीट काढतो. पण मेकॅनिक, वायरमन, नळवाला यांनी दोन तास डोकं लावून बिघाड शोधला, तर ते "नुसतं बघणं"! मग तो बिचारा काय करेल? त्याला कळतं की गिऱ्हाईक बघण्याचे देणार नाही, सेल्फचे देईल. सेल्फमध्ये सुटतातही चार पैसे. मग तो सेल्फ बदलतो. त्याच्या जागी आपण असतो तर काय वेगळं केलं असतं? सुटे भाग बदलत राहण्याची ही पद्धत आपण गिऱ्हाइकांनीच पोसलेली आहे. सगळे मेकॅनिक लबाड असतात म्हणून ती आलेली नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. कधीकधी बदलून बघणं हाच शहाणपणा असतो. दुसऱ्या गाडीची चांगली बॅटरी तासभर लावून बघा, रिले शेजारच्या तसल्याच रिलेशी अदलाबदल करून बघा. ही परीक्षाच आहे, आणि फुकट आहे. बॅटरी चार-पाच वर्षांची म्हातारी असेल तर तिच्यावर पहिला संशय घेणंही बरोबर. माझा आक्षेप आहे तो न मोजता विकत घेऊन बसवण्याला. "आता नव्या गाड्यांना स्कॅनर लावतात, सगळं कळतं," असंही कुणी म्हणेल. स्कॅनर उपयोगी आहेच. पण अर्थिंगची पट्टी स्कॅनरला स्वतःचं नाव सांगत नाही. व्होल्टेज कमी पडलं की भलतेच सेन्सर तक्रारी करायला लागतात, आणि माणूस त्या सेन्सरच्या मागे धावतो. यंत्र तक्रार वाचून दाखवतं, तिचा अर्थ माणसालाच लावावा लागतो.

ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांच्यासाठी (विशेषतः आमच्या भाचेमंडळींसाठी) थोडक्यात सांगतो.

1. वही ठेवा. वेळ, गरम-गार, आवाज, दिवे. अडलेल्या गाडीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

2. पाच-सहाशेचा मीटर घ्या. रात्रभर विसावलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, 12.2 म्हणजे अर्धीच. सेल्फ मारताना दहाच्या खाली फार जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5.

3. आधी टर्मिनल आणि अर्थिंग खोलून, घासून, घट्ट करा. बोल्ट घट्ट आहे म्हणजे सांधा चांगला आहे असं नाही. खोलताना निगेटिव्ह आधी काढा आणि जोडताना शेवटी लावा, म्हणजे पाना चेसिसला टेकला तरी ठिणगी उडणार नाही. हातातली अंगठी आणि धातूचं घड्याळही काढून ठेवा.

4. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तार घालू नका. फ्यूज ओरडतोय ते ऐका, नाहीतर वायरिंग पेटेल.

5. शोधण्याची मजुरी आधीच ठरवा. "दोष सापडवून दाखव, भाग बदलायचा नसला तरी तुझे अमुक इतके देईन," असं स्वतःहून सांगा. मेकॅनिकचा चेहरा कसा बदलतो ते बघा.

पुतण्याने शेवटी सहाशे दिले. मी बाजूला उभा होतो, त्याचाही थोडा परिणाम असेल. गाडी तेव्हापासून एकदाही अडली नाही.

ड्रायव्हरकडे मात्र तो महिनाभर गेला नाही. जायला तोंड नव्हतं म्हणा. शेवटी सूनबाईने ती वही हातात देऊन त्याला पाठवलं. तोवर त्या माणसाने नाशिकला दुसऱ्याची गाडी धरली होती. सहा वर्षांचा माणूस, मुलं याच गावच्या शाळेत, आणि तो आठवड्यातून एकदा घरी येतो. पुतण्याने मागच्या पगाराची राहिलेली रक्कम दिली आणि चुकलं म्हणाला. त्याने चहा पाजला, पण परत आला नाही. साडेसोळा हजार हळूहळू भरून निघतील. हे कसं भरायचं, ते कुठल्या मीटरवर दिसत नाही.

म्हणून सांगतो मंडळी, घरात, गाडीत, शाळेत, कुठेही कधीमधी येणारा दोष असला, की आधी माणसावर बोट ठेवू नका आणि आधी पाकीटही काढू नका. लिहून ठेवा, मोजा, आणि ज्याला शोधता येतं त्याला त्याच्या शोधण्याचे पैसे द्या. तुमचे असे अनुभव असतील तर जरूर कळवा. आणि कुणाची गाडी आज सकाळी "टक्" म्हणाली असेल, तर आधी हेडलाइट लावून बघा!